लोको: चिलीच्या कातळावरचा शिकारी शंख – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या या एका शंखापायी चिलीला मासेमारीचा कायदा बदलावा लागला. शिंपल्यांची शिकार तो करतो आणि त्याची शिकार माणूस करतो. या दोन शिकाऱ्यांपैकी कातळाचं रूप जास्त कोण बदलतं, हा खालच्या बहुतेक उत्तरांमागचा प्रश्न आहे.

लोको म्हणजे नेमका कोणता प्राणी?

समुद्री गोगलगाय. शास्त्रीय नाव कॉन्कोलेपास कॉन्कोलेपास. ब्रुगिएर या फ्रेंच अभ्यासकाने १७८९ मध्ये त्याचं वर्णन केलं. चिलीत सगळे त्याला लोको म्हणतात, पेरूत चान्के. कूळ म्युरिसिडी, म्हणजे पक्कं मांसाहारी घराणं. प्राचीन भूमध्य समुद्राकाठी ज्या शंखांपासून राजेरजवाड्यांच्या वस्त्रांचा जांभळा रंग काढत, तेही याच घराण्यातले.

दिसतो कसा? फोटोत तर तो शंख वाटतच नाही.

बरोबर. शंख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोकदार, पिळाचं काहीतरी येतं. लोकोच्या कवचाचा पीळ एका कडेला चिमुकल्या गाठीएवढाच उरतो. बाकी सगळं कवच म्हणजे शेवटचा एकच प्रचंड वेढा. पालथी वाटी कातळावर ठेवावी तसा तो वरून दिसतो. करड्या-तपकिरी कवचावर जाड कंगोरे असतात आणि मोठ्या लोकोच्या पाठीवर बार्नेकल (कातळाला चिकटून राहणारे, चुन्याच्या कवचाचे छोटे प्राणी), शेवाळ, नळीत राहणारे किडे असा अख्खा संसार वसलेला असतो.

उलटा केला की खरी गंमत कळते. कवचाचं तोंड जवळजवळ कवचाएवढंच रुंद असतं आणि ते भरून मांसल पाय. तोंडाच्या कडेला दोन छोटे दात असतात, ओळखायला ती खूण पुरेशी आहे. इतर शंख धोका दिसला की आत जाऊन झाकण लावून घेतात. लोकोचं झाकण इतकं लहान की तोंड बंद होणं शक्य नाही. त्याचा बचाव पायाच्या पकडीवर. एकदा त्याने कातळ धरला की हाताने ओढून निघत नाही, खाली लोखंडी पट्टी सरकवून उचकटावा लागतो.

पूर्ण वाढलेला लोको सहज १० सेंटिमीटरच्या वर जातो.

मग याला 'चिलीचा अबॅलोनी' का म्हणतात?

विकायला सोपं जातं म्हणून. पूर्व आशियात अबॅलोनी या खाद्य शंखाला मोठा भाव आहे आणि लोकोचा पांढरा, घट्ट पाय कापून डब्यात भरला की तसाच दिसतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोघांचा संबंध फार लांबचा. अबॅलोनी समुद्री शेवाळ खाणारा शांत प्राणी, त्याच्या कवचावर भोकांची रांग असते. लोकोच्या कवचावर भोकं नसतात आणि तो शेवाळ खात नाही. डब्यावरचं नाव व्यापाऱ्याचं आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

तो सापडतो कुठे?

पेरूच्या किनाऱ्यापासून खाली थेट केप हॉर्नपर्यंत, आणि चिलीच्या हुआन फर्नांडेझ बेटांवर. बाकी जगात कुठेच नाही. या पट्ट्याला हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी मिळतं. किनाऱ्यालगत खोलातलं पोषक पाणी वर येतं, त्यामुळे कातळावर बार्नेकल, शिंपले, केल्प (मोठं समुद्री शेवाळ) यांचे दाट पट्टे माजतात आणि लोकोच्या पुढ्यात अन्नाचा ढीग राहतो.

पिल्लं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, फटींमध्ये आणि बार्नेकलच्या दाटीत असतात. मोठे बहुतेक त्याखाली, काही मीटरपासून ३०-४० मीटर खोलीपर्यंतच्या बुडालेल्या कातळांवर. वाळूत किंवा चिखलात लोको शोधू नये.

शिकार करतो म्हणजे काय करतो? गोगलगाय ती गोगलगाय, धावणार किती?

धावायची गरजच नाही, कारण सावज पळत नाही. लोकोचं जेवण म्हणजे जागेला चिकटून बसलेले प्राणी: बार्नेकल, छोटे काळे शिंपले (तिथे त्यांना चोरितो माइको म्हणतात), आणि पिउरे. पिउरे हा बाहेरून दगडासारखा दिसणारा आणि आतून लालभडक निघणारा प्राणी. चिलीची माणसंही तो आवडीने खातात, तेव्हा इथे माणूस आणि लोको एकाच ताटात हात घालतात.

सावजाचा वास लोकोला पाण्यातून लागतो. जवळ गेला की तो आपला रुंद पाय त्याच्यावर पसरतो आणि सोंड पुढे काढतो. सोंडेच्या टोकाला रॅड्युला असतो, बारीक दातांची पट्टी, जिने मांस खरवडून आत घेतलं जातं. म्युरिसिडी घराण्यातले पुष्कळ शंख सावजाच्या कवचाला आम्ल लावून आणि खरवडून नेमकं गोल भोक पाडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. लोकोजवळ याशिवाय आकाराचं बळ आहे.

घाई कुठेच नाही. पण एका कातळावर शेकडो लोको वर्षानुवर्षं असेच जेवत राहिले तर त्या कातळाचं काय होतं, हे पुढे लास क्रूसेसच्या उत्तरात येईल.

पिल्लं वेगवेगळ्या रंगांची का असतात?

मला या प्राण्याबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. पांढुरक्या बार्नेकलच्या दाटीतलं पिल्लू फिकट असतं, काळ्या शिंपल्यांच्या गादीवरचं गडद. चिलीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पिल्लांना एकच एक खाणं घालून पाहिलं. बार्नेकल खाणाऱ्यांचं नवं कवच फिकट वाढलं, शिंपले खाणाऱ्यांचं गडद. म्हणजे कवचाचा रंग जेवणातून येतो. आणि जे जेवतो त्याच्यावरच बसून राहायचं असल्याने आपोआप लपताही येतं. पिल्लाने खाणं बदललं तर कवचावर रंगाचा पट्टा बदललेला दिसतो.

लपण्याची गरज खरीच आहे. लहान लोको खायला पुष्कळ जण टपलेले असतात.

कोण कोण?

खेकडे, अनेक हातांचा सूर्यासारखा तारामासा हेलिआस्टर, आणि पेखेसापो नावाचा मासा. हा मासा पोटाच्या चकतीने कातळाला चिकटून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चढतो. मोठ्या लोकोवर चुंगुंगो हे समुद्रात राहणारं छोटं पाणमांजरही हात मारतं. आणि माणूस, ज्याने बाकी सगळ्यांना मागे टाकलं आहे.

प्रजनन कसं होतं?

नर-मादी वेगळे. मीलन झाल्यावर मादी कातळावर चामड्यासारख्या छोट्या पिशव्या उभ्या चिकटवते. पुष्कळ माद्या एकाच जागी पिशव्या घालतात, त्यामुळे ते फिकट पिवळ्या झुपक्यांचं रान दिसतं. एकेका पिशवीत शेकडो ते हजारो भ्रूण असतात. काही आठवड्यांनी अळ्या पोहत बाहेर पडतात आणि साधारण तीन महिने उघड्या समुद्रात तरंगतात. नंतर पृष्ठभागालगतच्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे ढकलल्या जाऊन कातळावर उतरतात.

या तीन महिन्यांत अळी कुठून निघाली आणि कुठे उतरली याचा काही मेळ राहत नाही. एखाद्या गावाने आपले लोको कितीही जपले तरी त्यांची पिल्लं शेजारच्या गावाच्या कातळावर उतरू शकतात. कायदा करणाऱ्यांना याचा नंतर बराच त्रास झाला.

विकण्याजोगा व्हायला किती वर्षं लागतात?

चिलीच्या बहुतेक भागांत १० सेंटिमीटरपेक्षा लहान लोको काढायला बंदी आहे. तेवढं व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात, थंड पाण्यात जास्तही. या हिशेबाने पाहिलं तर एका मोठ्या हंगामात उचललेला माल पाच वर्षांचं भांडवल असतो.

लास क्रूसेसचा प्रयोग काय होता?

सान्तियागोच्या पश्चिमेला, समुद्रकाठी लास क्रूसेस नावाचं गाव आहे. तिथे चिलीच्या पोन्तिफिसिया कातोलिका विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे. डिसेंबर १९८२ मध्ये केंद्रासमोरचा किनारा माणसांना बंद करण्यात आला. कुंपण, राखणदार, आणि शिंपले वेचणाऱ्यांना मज्जाव. यामागचे मुख्य शास्त्रज्ञ हुआन कार्लोस कास्तिया.

तोपर्यंत पर्यावरणशास्त्रात असे प्रयोग उलट्या बाजूने होत. अमेरिकेत रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरून तारामासे उचलून फेकले. भक्षक गेल्यावर शिंपल्यांनी सगळा कातळ बळकावला आणि इतर प्राण्यांना जागा उरली नाही, असं त्यांनी दाखवलं. चिलीत तारामाशाऐवजी शंख होता, आणि भक्षक काढण्याचं काम माणूस कित्येक पिढ्या करतच आला होता. त्यामुळे कास्तिया यांना भक्षक काढायचा नव्हताच. माणसाला काढायचं होतं.

झालं असं. बंदीआधी त्या कातळाच्या मधल्या पट्ट्यावर काळ्या शिंपल्यांची सलग गादी होती, कुठेही पाहा तेच. लोको थोडे आणि लहान. माणसं थांबल्यावर लोकोंची संख्या आणि आकार दोन्ही वाढले आणि काही वर्षांतच शिंपल्यांची गादी त्यांनी खाऊन विरळ करून टाकली. मोकळ्या झालेल्या जागेवर बार्नेकल आणि शेवाळं आली. कुंपणाच्या आत एक कातळ आणि बाहेर, थोड्याच अंतरावर, वेगळाच कातळ. खडक तोच, लाटा त्याच, पाणीही तेच.

दक्षिणेला मेहुइन इथे आउस्त्राल विद्यापीठाने १९७८ पासून असाच एक किनारा बंद ठेवला होता. तिथेही माणूस बाहेर राहिल्यावर शंख वाढले आणि कातळावरचे रहिवासी बदलले. दोन ठिकाणी, शेकडो किलोमीटर अंतरावर तेच घडल्यामुळे योगायोगाचा मुद्दा निकालात निघाला.

कास्तिया यांना २०१० मध्ये चिलीचा उपयोजित विज्ञानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते या प्रयोगाचं मोल शंखापलीकडे आहे. चिलीचा जो किनारा लोक 'नैसर्गिक' म्हणून पाहत होते, तो निम्मा माणसाने घडवलेला निघाला.

म्हणजे जास्त लोको असणं चांगलं?

शिंपल्यांना विचारा! चांगलं-वाईट हा शब्द इथे फार उपयोगाचा नाही. लोको असले तर एक प्रकारचा कातळ मिळतो, नसले तर दुसऱ्या प्रकारचा. शिंपल्यांच्या गादीच्या पोटात किडे, छोटे खेकडे, शंख असे कितीतरी जीव राहतात. गादी गेली की तेही जातात. प्रश्न असा पडतो की सगळा किनाराच एकाच प्रकारचा व्हावा का. माणसाने सगळीकडून लोको उचलले तर तसं होतं.

चिलीची माणसं लोको केव्हापासून खात आली आहेत?

हजारो वर्षं. उत्तर चिलीच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन वस्त्यांच्या उकिरड्यांत लोकोची कवचं ढिगांनी सापडतात.

चार्ल्स डार्विन १८३४-३५ मध्ये या किनाऱ्यावर फिरत होता तेव्हा समुद्रसपाटीच्या बऱ्याच वर, टेकड्यांवर, त्याला समुद्री शंख-शिंपले मिळाले. त्यांत लोकोही होता. भूकंपांनी जमीन वर उचलली जाते याचा तो पुरावा धरत असे. गंमत अशी की माणसं लोको खाऊन कवचं टेकडीवर फेकत, त्यामुळे कुठला ढीग भूकंपाने वर नेला आणि कुठला जेवणाऱ्यांनी, हे पाहावं लागे.

घराघरांत लोकोच्या कवचाचा उपयोग राखदाणी म्हणून होत असे. चिलीतल्या जुन्या घरांत अजूनही अशी कवचं दिसतात.

चव कशी असते? चिवट असतो असं ऐकलं.

सोलून तसाच शिजवला तर चावता येणार नाही इतका चिवट. म्हणून आधी बडवतात. जुनी पद्धत अशी: लोको पोत्यात किंवा मोटारीच्या जुन्या टायरमध्ये भरायचे, सोबत कधी राख, आणि पोतं जमिनीवर आपटायचं. स्नायू सैल झाला की घासून धुऊन उकळायचा. आजकाल प्रेशर कुकरने बरंच काम सोपं झालं आहे.

ताटात येतो तो बहुधा थंड, वर मेयोनेज आणि खाली सॅलडची पानं. लोकोस कोन मायोनेसा हा सणासुदीचा, पाहुण्यांसाठीचा पदार्थ आहे. चुपे दे लोकोस म्हणजे दूध, पाव आणि चीज घालून भाजलेला प्रकार. एम्पानाडा या करंजीसारख्या पदार्थातही भरतात. चव सौम्य आणि किंचित गोडसर, मजा सगळी दाताखाली येणाऱ्या घट्टपणाची. माकुल किंवा कोळंबी ज्याला आवडते त्याला लोको आवडायला हरकत नाही. झणझणीत कालवणात घातला तर मात्र त्याचं काही उरणार नाही, असा आपला अंदाज.

'लोकोचा ताप' हा काय प्रकार होता?

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लोको चिलीतच खपत असे. मग लष्करी राजवटीने निर्यातीची दारं सताड उघडली आणि जपान, तैवानसारख्या बाजारांत लोकोला भाव आला. १९८० मध्ये उत्पादन सुमारे २५,००० टनांवर पोचलं. त्याआधी ते काही हजार टनांत असायचं.

चिलीत त्या वर्षांना 'फिएब्रे देल लोको' म्हणतात. एका किनाऱ्यावरचे लोको संपले की पाणबुडे होड्या घेऊन दक्षिणेकडे सरकत. चिलोए बेटाच्या आसपास आणि त्याहून खाली, जिथे आधी वस्तीही नव्हती, तिथे तंबू पडले. पोहायला न शिकलेली, शेतीवर जगणारी माणसंसुद्धा श्वासाची नळी तोंडात धरून पाण्यात उतरली.

पाणबुड्याची पद्धत तेव्हाही आणि आताही बहुतेक एकच. होडीवर एक कॉम्प्रेसर, त्यातून लांब नळी, आणि नळीच्या टोकाला पाणबुड्या. पाठीवर टाकी नाही, त्यामुळे हवा संपत नाही आणि माणूस तासन्‌तास खाली राहू शकतो. धोकाही त्यातच. दिवसभर खोलात राहून झटकन वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, जीवही जातो. अशी पांगळी झालेली माणसं किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीत होती.

सरकारने बंदीचे काळ आणि कोटा लावून पाहिले. पण कोटा सगळ्यांचा मिळून एकच असल्याने जो आधी उचलेल त्याचा. परिणामी हंगाम सुरू झाला की झुंबड, आणि परवानगी दिवसांवर आली तरी माल टनांनी निघायचा. शेवटी १९८९ पासून १९९२ पर्यंत लोको काढायला देशभर पूर्ण बंदी घालावी लागली.

मग सुटका कशी झाली?

मार्ग प्रयोगशाळेत सापडला तसा मासेमारांच्या वस्त्यांतही. चिलीत मासेमारांच्या छोट्या धक्क्याला आणि त्याभोवतीच्या वस्तीला कालेता म्हणतात. वाल्पाराइसोजवळच्या किन्ताय या कालेतात (इथे १९६७ पर्यंत देवमाशांची शिकार करणारं केंद्र होतं) मासेमारांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या साथीने आपल्यासमोरचा समुद्राचा एक तुकडा आपणहून बंद ठेवला. लास क्रूसेसच्या कुंपणाआड जे झालं ते इथेही होतं का, एवढंच पाहायचं होतं. काही वर्षांत लोको परतले, मोठेही झाले.

१९९१ च्या मासेमारी कायद्यात मग नवी तरतूद आली. तळाशी राहणाऱ्या प्राण्यांसाठी व्यवस्थापन क्षेत्रं, स्पॅनिश आद्याक्षरांनी आमेर्ब. मासेमारांच्या नोंदणीकृत संघटनेने किनाऱ्यासमोरचा तळाचा तुकडा मागायचा. जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या प्राण्यांची मोजणी करून आराखडा द्यायचा. मंजुरी मिळाली की त्या तुकड्यातले लोको काढायचा हक्क फक्त त्या संघटनेचा. दरवर्षी पुन्हा मोजणी, आणि त्यावरून त्या वर्षाचा कोटा. पहिली क्षेत्रं रीतसर १९९७ मध्ये मिळाली. पुढे अशी शेकडो क्षेत्रं झाली आणि त्यांच्या बाहेर लोको काढणं बेकायदा ठरलं.

यामागचा विचार साधा आहे. आज सोडलेला लोको उद्या आपल्यालाच मिळणार हे ठाऊक असेल तर माणूस सोडतो. दुसराच उचलणार असेल तर सोडत नाही. मासेमारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या हातात तुकडा द्यावा लागला.

मग प्रश्न सुटला म्हणायचं का?

अर्धा. चांगल्या राखलेल्या क्षेत्रांत लोको बाहेरच्यापेक्षा जास्त आणि मोठे आहेत, आणि सोबत इतर मासे-प्राण्यांचीही चंगळ झालेली आढळली आहे. मासेमारांना कोट्याप्रमाणे ठरलेल्या दिवशी काढून व्यापाऱ्याशी भाव ठरवता येतो, धावपळ संपली.

पण २५,००० टनांचे दिवस परत आलेले नाहीत आणि यावेत अशी अपेक्षाही नको. रात्री चोरून येणारे पाणबुडे ही रोजची डोकेदुखी आहे. राखण मासेमारांनीच करायची, तीही स्वतःच्या खर्चाने, आणि चोर कधी शेजारच्याच कालेतातला, ओळखीचा. परदेशी बाजारात भाव उतरला की ही राखण परवडत नाही आणि संघटना सुस्त होते. आमेर्बच्या हद्दीबाहेरचा समुद्र कागदावर बंद असला तरी तिथे पाहायला कोणी नसतं.

या व्यवस्थेचं जगभर कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. तरी काही लेख वाचताना वाटतं की कौतुक करणाऱ्यांनी राखणीची रात्र मोजलेली नाही.

शेती करता येत नाही का? कोळंबीची होते ना?

तीन महिने तरंगणाऱ्या अळीला त्या काळात योग्य खाणं देऊन जगवणं, मग तिला कातळावर उतरायला लावणं, मग जिवंत बार्नेकल-शिंपले चारत चार-पाच वर्षं वाढवणं. प्रयोगशाळेत हे टप्पे पार पाडलेले आहेत. धंदा म्हणून मात्र गणित जमत नाही, आणि बाजारात येणारा लोको समुद्रातूनच येतो.

त्याचं रक्त निळं असतं हे खरं?

खरं. आपल्या रक्तात लोहाचं हिमोग्लोबिन असतं, अनेक गोगलगायींच्या रक्तात तांब्याचं हिमोसायनिन. ऑक्सिजन लागला की ते निळं दिसतं. लोकोचं हिमोसायनिन आकाराने प्रचंड असल्यामुळे आपल्या प्रतिकारयंत्रणेला चटकन परकं वाटतं आणि ती जागी होते. म्हणून चिलीतल्या शास्त्रज्ञांनी ते लसींच्या संशोधनात वाहक प्रथिन म्हणून वापरलं. मूत्राशयाच्या कर्करोगावर त्याचे उंदरांवर प्रयोग झाले आणि निकाल आशादायक आले. कॅलिफोर्नियातल्या एका लिम्पेटचं (टोपीसारख्या कवचाच्या समुद्री गोगलगायीचं) अशाच कामाचं प्रथिन त्याआधीपासून वापरात होतं, लोकोचं प्रथिन हे त्याचं दक्षिणेकडचं भावंड म्हणा. लोको खाल्ल्याने कर्करोग बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये.

समुद्र आम्लधर्मी होतोय, त्याचा परिणाम?

कवच चुन्याचं, त्यामुळे पहिली भीती कवचाची. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिलीतल्या एका अभ्यासात मात्र वेगळंच पुढे आलं. जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या, म्हणून जास्त आम्लधर्मी पाण्यातल्या पिल्लांच्या कवचाच्या निव्वळ वाढीत फरक दिसला नाही. गोंधळ झाला तो वागण्यात. भक्षक खेकड्याचा वास आला की पिल्लं जशी वागायची तशी वागेनाशी झाली. कवच शाबूत आणि धोक्याची जाण बिघडलेली, अशी अवस्था निसर्गात किती महागात पडेल, हे तिथल्या खेकड्यांवर अवलंबून.

लोको विषारी असतो का?

स्वतः नाही. काही शंख-गोगलगायी, उदाहरणार्थ कोन शंख, विषारी सुई मारतात, तशी सुई याला नसते. पण दक्षिण चिलीच्या फ्योर्डांत (डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाड्यांत) सूक्ष्म शैवालाची लाल भरती येते तेव्हा शिंपल्यांत साठलेलं विष त्यांना खाणाऱ्या लोकोत उतरतं. अशा वेळी सरकार त्या भागातला माल अडवतं. ते विष शिजवल्याने जात नाही.

आपल्या कोकणात याचा कोणी नातेवाईक आहे का?

लोको नाही. त्याला थंड पाणी लागतं आणि आपला समुद्र कोमट. पण म्युरिसिडी घराण्यातले छोटे, जाड कवचाचे शंख मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही खडकाळ किनाऱ्यांवर आहेत. ओहोटीला बार्नेकल आणि कालवांच्या दाटीत ते चिकटून बसलेले दिसतात, धंदाही तोच. वाळूवर मिळणाऱ्या शिंपल्यांना नेमकं गोल भोक दिसलं तर ते मात्र बहुधा वाळूत राहणाऱ्या दुसऱ्या घराण्यातल्या शंखाने पाडलेलं असतं, हे कातळावरचे नव्हेत.

कोयतीने कालवं काढणाऱ्या बायकांना हे शंख ओळखीचे असतात. खाण्यात मात्र ते फारसे नसतात, आणि लोकोसारखं कुणाचं नशीब त्यांच्यावर अडकलेलं नाही.

चिलीला जाणं झालं तर लोको खावा का?

खावा, पण विचारून. हॉटेलात आणि बाजारात कायदेशीर लोकोसोबत कुठून आला याचा कागद असायला हवा, आणि मागितल्यावर तो दाखवायला हरकत नसते. रस्त्याकडेला थर्माकोलच्या डब्यात स्वस्तात मिळणारा, तोही १० सेंटिमीटरच्या आतला, हमखास चोरीचा. काही ठिकाणी लोकाते नावाच्या त्याच घराण्यातल्या लहान शंखाचं मांस लोकोच्या भावात खपवतात. तुकडे केलेले असले तर फरक कळणं अवघड, म्हणून शक्यतो अख्खा मागवावा. आणि पाणबुड्या समोर भेटलाच, तर किती खोलवरून काढला ते जरूर विचारा. उत्तर तासभर चालतं.